रिकाम्या घराची ओढ वाटते ना, मग आधी छपराकडे बघा

दक्षिण गोव्यात, सासष्टीच्या किनाऱ्याजवळ, माडांमागे एक जुने दुमजली घर कित्येक वर्षे बंद आहे. तुम्ही मडगावचे. रविवारी फिरायला निघालात की पाय तिकडेच वळतात, आणि आता घरातली मंडळीही त्या घरात गुंतली आहेत. तुम्ही विचारले आहे की या घराची एवढी ओढ का वाटते, असले घर रिकामे का पडते, आणि ते विकत घेऊन वाचवता येईल का. जुनी घरे दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून उत्तर लांबणार. आणि मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते सुरुवातीलाच सांगतो. तुम्हाला आवडलेल्या त्या घराकडे वेळ फार थोडा आहे, आणि ते वाचवायला मालक व्हावेच लागते असे नाही.

आधी ओढीबद्दल. गोव्यातले भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, ख्रिस्ती घर रस्त्याकडे तोंड करून उभे असते. उंच जोते, रुंद पायऱ्या, पुढे बाल्कांव म्हणजे छपराखालचा उघडा ओटा, त्यात दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे, आणि मागे ओळीने मोठाल्या खिडक्या. हा सगळा थाट येणाऱ्यासाठी असतो. संध्याकाळी बाल्कांवात बसायचे, जाणाऱ्याला हाक मारायची, पाहुण्याला थेट साल्यात, म्हणजे दिवाणखान्यात, न्यायचे, हे घराच्या नकाशातच आहे. असे घर रिकामे झाले तरी त्याची बोलावण्याची सवय जात नाही. पायऱ्या अजून वरच बोलावतात आणि वर कोणीच नसते. तुमचे पाय अडतात ते तिथे, असे माझे मत आहे.

याच्या उलट आपल्याकडचे हिंदू वाडे पाहा. फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतली मोठी घरे आत वळलेली असतात. बाहेरून लांबच लांब भिंत, लहान खिडक्या, एक दार. सगळे वैभव आत राजांगणात, तुळशीभोवती, देवखोलीत आणि चौकाच्या खांबांत. पणजीच्या जुन्या सचिवालयामागचा म्हामाय कामतांचा वाडा बघा. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो किती मोठा आहे याचा अंदाजही येत नाही. असा वाडा बंद पडला तर आळीतल्या लोकांनाच कळते, वाटसरूला चुटपूट लागत नाही. म्हणून मोडकळीला आलेल्या वाड्यांचे फोटो कोणी काढत नाही आणि त्यांच्याबद्दल मला प्रश्नही फारसे येत नाहीत. मला याचे वाईट वाटते, कारण आत सडणारे लाकूड त्याच तोलामोलाचे असते.

ओढीचे दुसरे कारण उजेड. काच सर्रास मिळू लागण्याआधी आपल्या खिडक्यांना शिंपले लावत. चपटा, पातळ, अर्धपारदर्शक असा हा शिंपला चिखलीच्या खाडीत अजूनही आढळतो, आणि आज तो कायद्याने संरक्षित आहे. त्याचे चौकोनी तुकडे कापून सागवानी पट्ट्यांच्या जाळीत बसवायचे. आतून पाहिले तर ऊन दुधात कालवल्यासारखे दिसते. डोळ्यांना न टोचणारा तो उजेड काचेतून येत नाही. तिसरे कारण रंग. चुन्याचा रंग सोलत जातो तेव्हा थरामागून थर दिसू लागतात. वर पिवळा, खाली निळीचा, त्याखाली काव. दर काही वर्षांनी घरातल्यांनी दिलेला एकेक हात त्यात वाचता येतो. प्लास्टिक पेंटचे पापुद्रे निघतात, त्यात हे दिसत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. जुन्या लोकांनी असली घरे सहसा वाळूवर बांधली नाहीत. वाळूच्या पट्ट्यावर रापणकारांच्या, म्हणजे रापण ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, झोपड्या आणि होड्या असत. मोठी घरे त्यामागे, भातशेती ओलांडून, वाऱ्याच्या थेट माऱ्यापासून दूर. आज मधली शेते भरली गेली, हॉटेले आली, रस्ता रुंद झाला, म्हणून घर समुद्राला टेकल्यासारखे वाटते. तुमचे घर खरोखरच किनाऱ्याजवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याचा हिशेब आधी करावा लागेल.

आता त्या घरात काय चालले आहे ते सांगतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

ही घरे म्हातारपणाने पडत नाहीत, बंद राहिल्याने पडतात. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी अंगावर घेऊन जांभ्या चिऱ्याचे घर दोनशे वर्षे उभे राहते, कारण दरवर्षी मे महिन्यात त्याची शाकारणी होत असे. माणूस छपरावर चढायचा, सरकलेली कौले जागेवर लावायचा, फुटलेली बदलायचा, पन्हळीतला पाला काढायचा, पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या चुडतांची झड बांधायचा. दोन-चार दिवसांचे काम. हे काम थांबते त्या वर्षापासून घराचा शेवट सुरू होतो.

क्रम जवळजवळ ठरलेला आहे. वाऱ्याने, माकडाने किंवा पडलेल्या नारळाने एक कौल सरकते. तिथून पडणारे पाणी जमिनीवर आले तर फारसे बिघडत नाही, पण ते बहुधा वाशावरून घरंगळत भिंतीच्या माथ्यावर येते, आणि घराचे मर्म तिथेच असते. जुन्या भिंतीत चिरे आणि त्यांमध्ये माती किंवा माती-चुन्याचा गारा असतो. माथ्यातून पाणी शिरले की हा गारा आतल्या आत धुपतो. बाहेरून भिंत शाबूत दिसते, गिलाव्यावर फक्त एक काळपट ओघळ दिसतो. त्याच वेळी वाशाचे भिंतीवर टेकलेले टोक कुजते. टोक कुजले की वासा खाली बसतो, त्याच्यावरच्या रिपा वाकतात, आणखी कौले सरकतात. पहिल्या कौलापासून इथपर्यंत यायला काही वर्षे लागतात, पण एकदा आढे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, वाकले की पुढचे सगळे एक-दोन पावसाळ्यांत आटोपते. छप्पर कोसळले की लाकडी मजला उघड्या पावसात सापडतो. मग उरतात नुसत्या भिंती, ज्यांचे फोटो लोकांना सर्वांत जास्त आवडतात.

म्हणून पुढच्या रविवारी गेलात की थोडे दूर उभे राहून आढ्याची रेघ बघा. ती सरळ असेल तर घर वाचण्यासारखे आहे. मध्ये झोळ पडला असेल तर यंदाच्या पावसाआधी काहीतरी करावे लागेल. वळचणीखाली काळे ओघळ कुठे आहेत ते मोजा. प्रत्येक ओघळाच्या वर एक सरकलेले कौल सापडेल.

बंद दारे-खिडक्यांनी दुसरे नुकसान होते. वाळवीला अंधार, ओल आणि शांतता लागते, आणि बंद घर तिन्ही देते. पूर्वी चुलीचा धूर रोज कौलांतून बाहेर पडायचा, त्याने स्वयंपाकघरावरचे लाकूड काळे पडायचे पण कोरडे राहायचे. जुनी घरे उतरवताना मी पाहिले आहे की चुलीवरचे वासे अनेकदा सगळ्यात खणखणीत निघतात, तर साल्यावरचे कोरीव छत पोखरलेले असते. सागवान, फणस ही लाकडे चांगली टिकतात, पण कोंदट ओलीपुढे कोणतेच लाकूड कायम टिकत नाही. आठवड्यातून एक दिवस सगळ्या खिडक्या उघडणे हा यावरचा उपाय, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

समुद्राचे मीठ हे तिसरे, आणि किनाऱ्याजवळच्या घरांचे खास दुखणे. चिरा म्हणजे जांभा, आतून भोकाभोकांचा. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो. वाऱ्याबरोबर येणारे मीठ गिलाव्याच्या भेगांतून त्या भोकांत जाऊन बसते. आपल्या जेवणातल्या मिठाचा एक धर्म आहे: हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून विरघळते, खाली आली की पुन्हा खडे धरते. आपल्याकडे पावसाळाभर हवा ७५ च्या वरच असते, तेव्हा मीठ विरघळून भिंतीत आणखी आत मुरते. दिवाळीनंतर दुपारी हवा कोरडी आणि पहाटे दमट, म्हणजे ती रेघ पुन्हा पुन्हा ओलांडली जाते. दर वेळी खडे वाढतात, आजूबाजूचे कण ढकलतात, आणि चिऱ्याचा लाल भुगा भिंतीच्या पायाशी पडू लागतो. तो भुगा दिसला तर समजा की भिंत पावसाने नव्हे तर मिठाने झिजते आहे, आणि ती झीज हिवाळ्यात चालते.

इथे सिमेंटचा उल्लेख टाळता येणार नाही. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. ओल बाहेर सोडतो, मीठ स्वतःच्या अंगावर घेतो आणि चिऱ्याऐवजी स्वतः झडतो. दर काही वर्षांनी तो नव्याने लावायचा असतो. तेच त्याचे काम. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो. मग मीठ त्याच्या मागे, चिऱ्याच्या अंगात खडे धरते, आणि एक दिवस सिमेंटची अख्खी पाटी चिऱ्याचा पापुद्रा घेऊन खाली येते. पडलेल्या घरांपेक्षा सिमेंटने ‘दुरुस्त’ केलेल्या घरांनी मला जास्त त्रास दिला आहे. तुमच्या घराला मागच्या बाजूला कोणी काँक्रीटचा स्लॅब किंवा न्हाणीघर जोडले असेल तर तेही बघा. खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजताना फुगते, आणि दोनशे वर्षांच्या भिंतीच्या आधी ते जोडकामच मोडते.

पिंपळाचे रोप भिंतीत दिसले तर उपटू नका. मुळे दर्जांत, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांत, शिरलेली असतात, ओढली की चिरा हलतो. बुंध्याशी कापायचे, मूळ मारायचे, वाळल्यावर दर्ज चुन्याने भरायची.

आता घरे रिकामी का पडतात. याचे उत्तर लोक ‘मालक परदेशात’ असे एका वाक्यात देतात, पण ते अपुरे आहे.

असल्या घराचा खर्च त्या घरातून कधीच निघत नसे, तो भाटांतून, म्हणजे माडांच्या बागायतींतून, निघत असे. नारळाचे पाडे, भाताचा खंड, आणि मुंडकारांचे, म्हणजे भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांचे, श्रम. शाकारणीला लागणारे हात, चुडते, लाकूड हे सगळे त्याच जमिनीतून यायचे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण मिळाले, १९७६ च्या दुरुस्तीने कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. हे व्हायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्यांच्या घामावर ती घरे उभी राहिली त्यांना स्वतःच्या खोपीची शाश्वती नव्हती. पण परिणाम असा की मोठे घर उरले आणि त्याला पोसणारी जमीन गेली. पुढची पिढी नोकरीला मुंबईला, आखातात, पोर्तुगालला गेली. आधीच्या पिढ्याही मुंबईला आणि पूर्व आफ्रिकेला जातच होत्या, पण तेव्हा मागे राहणारे कोणीतरी असे.

मग वारसा. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि त्याची वारशाची तत्त्वे आजही चालतात. आता ती २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आहेत. मुलगा-मुलगी समान वारस. मालमत्तेचा अर्धा भाग मृत्युपत्रानेही त्यांच्यापासून काढून घेता येत नाही. शिवाय लग्नात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत निम्मे भागीदार, त्यामुळे विकताना वारसांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. हा कायदा मला न्याय्य वाटतो. बाकी देशाच्या कितीतरी आधी आपल्या मुलींना त्याने हक्क दिला. मात्र दोन-तीन पिढ्या वाटणी न करता गेल्या की एका घराचे डझनावारी मालक होतात. एक लिस्बनला, एक टोरांटोला, एक वांद्र्याला, आणि एक जण सहीच करायला तयार नाही, कारण त्याला वाटते की ते घर विकले तर आजी विकली. कोणाचेच एकट्याचे नसलेले घर कोणीच शाकारत नाही. म्हणून या घरांना टाकलेली घरे म्हणू नका. बहुतेकांवर माया करणारे लोक असतात, त्यांचे आपसात जमत नाही एवढेच.

विकत घेण्याबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण इथे वकील लागतो आणि तो गोव्यातला, जुनी पोर्तुगीज कागदपत्रे वाचणारा हवा. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर कोणाची नावे आहेत, जुनी नोंदणी काय म्हणते, जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक मालकीची, तर नाही, आवारात मुंडकाराचे घर आहे का, हे सगळे आधी. घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात, आणि २०० मीटरच्या आत ते सगळ्यात कडक असतात. तिथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती आहे त्याच जोत्यावर, क्षेत्र न वाढवता करता येते, पण परवानगी घेऊनच. ‘घर पाडून व्हिला बांधू’ म्हणणारा दलाल भेटला तर तिथून उठा. आणि स्वस्तात, घाईने, एकाच माणसाच्या सहीवर कोणी असे घर विकत असेल तर ते घेऊ नका. रिकाम्या घरांवर आणि भाटांवर खोट्या कागदांनी डल्ला मारण्याची प्रकरणे एवढी वाढली की २०२२ मध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसवावा लागला. मालक दूर आणि घर बंद, अशीच मालमत्ता हेरली जाते.

वाचलेली घरे आहेत. चांदरचे मिनेझिस ब्रागांझांचे घर कुटुंबाने धरून ठेवले म्हणून उभे आहे. केप्याला १७८७ मध्ये एका देआंवाने, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ पाद्रीने, बांधलेला पालासियो, म्हणजे प्रासाद, मोडकळीला आला होता. एका दांपत्याने तो हाती घेऊन सावकाश सावरला आणि लोकांना बघायला खुला केला. आणि मडगावचे ‘सात बुर्जांचे घर’ बघितलेच असेल. नावात सात आहेत, आज उभे आहेत तीन. माणूस राहता असला तरी घराचा काही भाग हातून जातो, हे त्या तीन शिखरांकडे बघून कळते.

तर तुम्ही काय करावे. माझ्या मते खरेदीचा विचार बाजूला ठेवा आणि वारसांपैकी एकाला शोधा. गावचे पाद्रीबाब, शेजारचा नारळ उतरवणारा पाडेली, किंवा घरपट्टी कोण भरते हे माहीत असलेले पंचायतीतले कोणी, यांपैकी एकाकडून नाव मिळतेच. पत्र लिहा. त्यात घर विकणार का असे विचारू नका; तो प्रश्न त्यांना महिन्याला कोणी ना कोणी विचारत असते आणि त्या पत्रांना ते उत्तर देत नाहीत. आम्ही शेजारी आहोत, घर आवडते, यंदा पावसाआधी तुमच्या परवानगीने छपरावर माणूस चढवून सरकलेली कौले बसवून देऊ का, एवढेच विचारा. सोबत आढ्याचे आणि वळचणीचे फोटो पाठवा. माझ्या अनुभवात याला होकार येतो, आणि बऱ्याचदा त्या एका पत्रावरून वारसांमध्ये कित्येक वर्षांनी बोलणे सुरू होते.

होकार आला तर लेखी घ्या. मग कामांचा क्रम असा ठेवा: आधी छप्पर आणि पन्हळ, मग भिंतीच्या माथ्यांना चुन्याचा थर, मग खिडक्या उघडणे आणि वाळवीचा बंदोबस्त. रंग, फरशी, फर्निचर यांना हात लावू नका. फुटलेल्या कौलांच्या जागी त्याच मापाची जुनी मंगळुरी कौले शोधा, उतरवलेल्या घरांची मिळतात. त्यापूर्वीची नळ्याची कौले असतील तर जपून काढा, ती आता मिळणे कठीण. सगळे छप्पर करणे झेपत नसेल तर जिथे गळते तिथेच करा. ताडपत्री घालायची वेळ आली तर ती कौलांवर टाका, आणि कडा मोकळ्या ठेवा म्हणजे खालचे लाकूड घुसमटणार नाही. छप्पर धरले तर बाकी घर वारसांचे एकमत होईपर्यंत थांबू शकते.

होकार येईपर्यंत आत जाऊ नका. ते दुसऱ्याचे घर आहे, शिवाय वरचा मजला वरून धड दिसतो आणि पायाखाली तुटतो. आवारातल्या जुन्या विहिरींवर वेली वाढलेल्या असतात. पडलेले कौल, शिंपल्याचा तुकडा, जुनी फरशी, काहीही आठवण म्हणून उचलू नका. दुरुस्ती होईल तेव्हा त्या एका तुकड्यावरून माप घ्यायचे असते. आणि फोटो कितीही सुंदर आला तरी गावाचे नाव घालून तो कुठे टाकू नका. बंद घर कुठे आहे हे कळले की पहिल्यांदा पोहोचतात ते जुने दरवाजे, खांब आणि खिडक्या काढून विकणारे. एका रात्रीत चौकटीसकट दारे गेलेली घरे मी पाहिली आहेत, आणि चौकट गेली की तिच्यावरची भिंतही जाते.

शाकारणीला माणसे एप्रिलमध्येच सांगून ठेवावी लागतात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात चांगला कामगार मोकळा नसतो. तेव्हा पत्र आता लिहा, आणि आढ्याचे फोटो मला पाठवा. कुठून सुरुवात करायची ते मी सांगेन.